माल्बेक, तर्री आणि एप्रिल : एका फसलेल्या जेवणाचं प्रकरण

रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली आणि वेटर पोरं टेबलं आवरायला लागली. मी त्यांना थांबवून आधी ग्लास मोजले. पाहुणे २२. त्यातल्या १५ जणांचे ग्लास अर्ध्याहून जास्त भरलेले. ताटं मात्र लख्ख, आणि खलियाची, म्हणजे मटणाच्या रश्शाची, देग नानच्या तुकड्यानं पुसून घेतल्यासारखी. म्हणजे लोक उपाशी गेले नव्हते, रुसूनही गेले नव्हते. त्यांनी फक्त वाईन, माल्बेक द्राक्षाची लाल वाईन, हळूच बाजूला सारली होती. ८ बाटल्या उघडल्या होत्या. अर्जेंटिनाहून येणाऱ्या बाटलीवर १५० टक्के आयात शुल्क बसतं, त्यामुळे दादांचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल ते सांगायला नको.

दादा म्हणजे हॉटेलचे मालक. छत्रपती संभाजीनगरच्या हद्दीबाहेर त्यांचं हॉटेल आहे. पुढे बाग, मागे भटारखाना, परमिट रूमचा परवाना, आणि रविवारी नान खलियासाठी गर्दी. मी हॉटेलांचे मेनू बसवून देते, पेयांची यादी करून देते. त्या रात्रीचा मेनू मीच मंजूर केला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्यातली सगळ्यात मोठी माझी आहे.

कल्पना दादांच्या मुलाची. १७ एप्रिलला जगभर माल्बेक दिन असतो हे त्यानं पाहिलं आणि ठरवलं की आपणही करायचा, पण मराठवाडी जेवणासोबत. पनीर टिक्का आणि चीझच्या चौकोनांना फाटा. वाळूजच्या कारखान्यांतले काही साहेब लोक, दोन-तीन डॉक्टर, जालन्याकडचे दोन द्राक्ष बागायतदार, अशी मंडळी बोलावली. जेवण असं : सुरुवातीला खारे शेंगदाणे, मग भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, वाटीत येसर आमटी, भरली वांगी, नान खलिया, आणि शेवटी भूमच्या खव्याची पोळी. मला मेनू झकास वाटला होता. आजही जेवण म्हणून झकासच वाटतो.

झालं काय, तर शेंगदाण्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं. "बरी आहे की," असं दोघं-तिघं म्हणाले, एकानं तर दुसऱ्यांदा भरून घेतली. ठेचा आला आणि बिनसलं. एक डॉक्टर म्हणाले, "आगीत तेल ओतल्यासारखं होतंय." दुसऱ्या टेबलावरून आलं, "कडू लागतेय हो, काढ्यासारखी." खलिया येईपर्यंत चौघांनी बियर मागवली होती. खव्याच्या पोळीबरोबर ज्यांनी नेटानं घोट घेतला, त्यांना ती आंबूस लागली.

दादांनी त्याच रात्री निकाल देऊन टाकला : "ताई, आपल्या जेवणाला हे चालायचं नाही. हे त्यांचं त्यांनीच प्यावं." असं म्हणणारे दादा पहिले नाहीत. वाईन म्हणजे नाशिकची नाहीतर फॉरेनची, आणि आपण म्हणजे भाकरी-ठेचा, ही वाटणी मराठवाड्यात पक्की आहे. पण मला एक गोष्ट खुपत होती. शेंगदाण्यांबरोबर जी वाईन चालली, ती वीस मिनिटांत वाईट कशी झाली?

चार ग्लास

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले ती थेट कोठीघरात. पत्र्याचं छप्पर, आणि मागची भिंत तंदूरच्या भट्टीला लागून. बाटल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्या होत्या आणि तेव्हापासून तिथंच उभ्या होत्या, तेलाच्या डब्यांशेजारी. भटारखान्यातला थर्मामीटर लावला तर बाटलीचं तापमान ३३ अंश. दोन बाटल्यांची बुचं किंचित वर आलेली होती आणि तोंडावरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ वाळलेला. उष्णतेनं आतली वाईन फुगते, बुचाला वर रेटते. रात्री हवा उतरली की ती पुन्हा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. दीड महिना रोज हा खेळ चालला, तर आत जे उरतं त्याला ताज्या फळाचा वास राहत नाही. त्या बाटलीतून आलूबुखाराच्या मुरंब्यासारखा, शिजलेला वास येत होता.

हे सापडल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे माल खराब होता. संपला विषय." संपला नव्हता. विक्रेत्याच्या थंड गोदामातून आलेल्या दोन नव्या बाटल्या मागवल्या आणि चार ग्लास मांडले : कोठीतली बाटली तशीच गरम, कोठीतली गार करून, नवी बाटली मुद्दाम तेवढीच गरम करून, आणि नवी बाटली १६ अंशांवर. चाखायला दादा, त्यांचा मुलगा, वेटरांचा प्रमुख म्हणजे कॅप्टन आणि मी. कुठला ग्लास कुठला हे फक्त कॅप्टनच्या मदतनिसाला माहीत.

कोठीतली गार करूनही मेलेलीच लागली. नवी गरम केलेली जिवंत होती, पण नाकात आधी स्पिरिट जायचं आणि घशाशी चटका बसायचा. नवी गार मात्र सरळ आवडली, दादांनाही. जांभळासारखा गडद रंग, पिकल्या आलूबुखाराची चव, मागून थोडी तुरट.

या वाईनमध्ये अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. ती गरम असली की अल्कोहोल आधी उडतं आणि फळाचा वास त्याच्या मागे दबून जातो. "लाल वाईन रूम टेंपरेचरला द्यावी" हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक वेटरला पाठ आहे. पण ती रूम होती युरोपातल्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. संभाजीनगरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि एसीच्या हॉलमध्येही २६ च्या खाली येत नाही. त्यात आमच्या बाटल्या सकाळपासून खिडकीशेजारच्या टेबलावर फुलं लावून सजवलेल्या होत्या. फोटो फार सुंदर आलेत त्यांचे.

आणि ती तारीख! १७ एप्रिलला अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतात शरद ऋतू असतो. द्राक्षतोडणी उरकत आलेली, संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं अशी हवा. त्यांच्या शरदातला सण आम्ही आमच्या वैशाखवणव्याच्या तोंडावर आणून ठेवला होता.

लवंग आणि लवंगी मिरची

पण गार, निरोगी वाईनसुद्धा ठेच्याबरोबर घेतली की तोंड पेटत होतं. इथं माझी चूक येते.

आयातदाराच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ही वाईन 'स्पायसी' जेवणाबरोबर उत्तम जाते. मी मनातल्या मनात त्याचं 'मसालेदार' केलं आणि कागदावर मात्र झणझणीत मेनू लिहून मोकळी झाले. इंग्रजीत लवंगही स्पायसी आणि लवंगी मिरचीही स्पायसी. आपल्याकडे एवढा गोंधळ कुणी शाळकरी पोरही करणार नाही. मसाला वेगळा, तिखट वेगळं. मेंडोझातला माणूस मटण-गोमांस निखाऱ्यावर भाजतो आणि त्याला मीठ लावतो, एम्पानादाच्या, म्हणजे तिकडच्या खाऱ्या करंजीच्या, सारणात जिरं आणि पाप्रिका घालतो. त्याच्या लेखी ते स्पायसी. आमच्या भाकरी करणाऱ्या मावशींनी त्याला "पथ्याचं" म्हटलं असतं.

मिरचीतलं कॅप्सेसिन ही खरं तर चवच नव्हे. चटका ओळखणारी जी यंत्रणा तोंडात असते, तिलाच ते चाळवतं. अल्कोहोल त्याच यंत्रणेचा उंबरठा खाली आणतं, म्हणजे एरवी जी ऊब भाजली नसती ती भाजायला लागते. त्यात वाईनमधलं टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, आणि चटक्यानं हुळहुळलेल्या जिभेला तो तुरटपणा कडू भासतो. ठेचा, १४ टक्के अल्कोहोल आणि टॅनिन, तिघं एकाच वेळी तोंडात गेले तर "काढ्यासारखी" हे त्या पाहुण्याचं वर्णन तंतोतंत आहे.

गंमत अशी की आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत येता येता कटुचं कडू झालं. भाषेत जे शतकानुशतकं घडलं ते आमच्या पाहुण्यांच्या जिभेवर वीस मिनिटांत घडलं. सहावा रस कषाय, म्हणजे तुरट. वाईनचे जाणकार टॅनिन टॅनिन म्हणून जे घोकत असतात ते हेच, आणि ते आपल्याला जांभळामुळे, कच्च्या केळ्यामुळे, सुपारीमुळे लहानपणापासून ठाऊक आहे.

जांभळावरूनच पुढचं सुचलं. जांभळं आपण मीठ लावून खातो. का खातो? मिठानं कडवटपणा दबतो आणि तुरटपणाची धार बोथट होते. पहिल्या रात्री खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर वाईन का चालली याचं उत्तर त्या मिठात होतं. शिवाय शेंगदाण्यात स्निग्धांश आणि प्रथिनं. टॅनिनला धरायला लाळेऐवजी दुसरं काहीतरी मिळालं की तोंड कोरडं पडत नाही.

आणखी एक. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आली. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर-पश्चिम अर्जेंटिनाच्या पट्ट्यात माणसाळलेला. ज्याच्याशिवाय आपली भरली वांगी होत नाहीत आणि कूट संपलं की घरात खोळंबा होतो, तो आमच्या टेबलावरचा खरा अर्जेंटिनी. वाईन तर मुळात तिथली नाहीच. त्याकडे येते.

चाचांचं नाक

भटारखान्याचे प्रमुख चाचा. त्यांच्या घरात खलिया तीन पिढ्या शिजतंय. तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा फौजेच्या मुदपाकखान्यात हा पदार्थ रुळला, अशी गोष्ट शहरात सगळे सांगतात, आणि चाचा ती काल घडल्यासारखी सांगतात. चाचा दारूला शिवत नाहीत. पण चाखणं चाललं होतं तेव्हा त्यांनी चौथा ग्लास नाकाशी धरला, दोनदा हुंगला आणि म्हणाले, "यात लौंग कुणी टाकली?"

कुणी टाकली नव्हती, पण ती होती. ही वाईन काही महिने ओकच्या पिंपात मुरते. पिंप आतून जाळून घेतलेलं असतं, आणि भाजलेल्या ओकमधून युजेनॉल उतरतं. लवंगेला लवंगेचा वास येतो तो याच द्रव्यामुळे. व्हॅनिलाची छटाही त्या लाकडातूनच येते. चाचांच्या एका वाक्यानं माझं काम निम्मं केलं. काळ्या मसाल्यात लवंग, मिरी, दगडफूल, करपत आलेलं खोबरं, भाजलेले तीळ आणि धने असतात. म्हणजे या वाईनचं नातं जोडायचं तर भाजलेल्या मसाल्याशी, हिरव्या मिरचीशी नाही.

यानंतर चाचांशी दोन दिवस वाद झाला तो तर्रीवरून. माझं म्हणणं, मटण, हाडाचा रस आणि चरबी वाईनला हवीच आहेत, तिखट सगळं वरच्या तर्रीत आहे, ती काढून वेगळी द्या. चाचा म्हणाले, "बेटा, तर्री काढलेलं खलिया म्हणजे बिनखिडकीचं घर." शेवटी तडजोड अशी की देगीत तर्री कमी नाही करायची, वाढताना पळीनं बाजूला सारायची आणि छोट्या वाटीत सोबत ठेवायची. ज्याला हवी त्यानं ओतून घ्यावी. नानला हात लावायचा प्रश्नच नव्हता. हळदीच्या पाण्यानं पिवळी झालेली ती मऊ, जाड नान टॅनिन आणि तर्री दोन्ही शांतपणे पोटात घेते.

दुसरी रात्र

ती ठरली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मृगाच्या दोन सरी झाल्या होत्या आणि जांभळं बाजारात आली होती. दादांनी त्याच २२ जणांना बोलावलं, आले १७. बाटल्या नव्या, बियरच्या जुन्या कूलरमध्ये आडव्या ठेवलेल्या, वाढायच्या आधी बाहेर काढलेल्या. ज्या गरम वाटल्या त्या बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून पंधरा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली गार व्हायला उशीर लागतो.

सुरुवातीला प्रत्येकापुढे जांभळं आणि मीठ. आधी मिठाशिवाय एक, मग मीठ लावून एक, मग वाईनचा घोट. भाषण करायची गरज उरली नाही. एक साहेब म्हणाले, "ही तर जांभळाची थोरली बहीण."

मग भाकरी. मावशींनी ज्वारीची भाकरी तव्यावर कडक करून दिली, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि कारळाची चटणी. कारळात तेल भरपूर, वास धुरकट, तिखट बेताचं. ही जोडी मला अपेक्षेपेक्षा बरी वाटली. ठेचा पूर्ण काढायला दादा तयार नव्हते, म्हणून मिरच्या कमी, शेंगदाणे जास्त आणि वरून लोणी असा एक ठेचा ठेवला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, म्हणून लोणी. तरीही माझं मत विचाराल तर ठेचा आणि लाल वाईन यांची सोयरीक जमवण्याच्या नादी लागू नये. ठेच्याला ताक आहे, बियर आहे.

त्या रात्रीची सगळ्यात सुंदर जोडी भरल्या वांग्यांची. लहान काटेरी वांगी, देठासकट, आत कूट, तीळ, भाजलेलं खोबरं आणि काळा मसाला. गुळाचा खडा मी मुद्दाम गाळायला लावला. जेवणातला पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन आंबट आणि रोडावलेली लागते. वांग्याचा गर मऊ, मसाला भाजका, तेल अंगाबरोबर. घोट घेतल्यावर लवंगेला लवंग भेटत होती. दोन शाकाहारी पाहुण्यांनी एप्रिलमध्ये ग्लासाला हात लावला नव्हता. या वेळी त्यांनीच आणखी वांगी मागवली.

येसर आमटी मेनूतून काढली. गरम, पातळ, आंबट आणि तिखट, चारही बाजूंनी वाईनच्या मुळावर. खव्याच्या पोळीला तर ग्लास आधी उचलून न्यायचे, असं ठरवलं.

खलिया आलं तेव्हा तर्रीच्या वाट्यांपैकी किती ओतल्या गेल्या असतील? माझ्या मोजणीप्रमाणे ९. मराठवाड्यातला माणूस तर्री समोर दिसत असताना हात आवरेल ही माझी अपेक्षाच वेडी होती. पण बहुतेकांनी आधी दोन घास तर्रीशिवाय खाल्ले, वाईन घेतली, मग तर्री ओतली आणि पाण्याकडे वळले. हा क्रम त्यांचा त्यांनी लावला, मी सुचवलेला नव्हे. तो आता वेटरांना शिकवला आहे.

बागायतदारांचे प्रश्न

जेवण संपत आलं तेव्हा जालन्याचे बागायतदार काका खुर्ची ओढून जवळ बसले. कडवंचीच्या शिवारातली बाग, शेततळ्यावर चाललेली. त्यांना चवीत रस कमी आणि वेलीत जास्त. "पाऊस किती तिकडं?" हा पहिला प्रश्न.

मेंडोझात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर. काकांचा विश्वास बसेना. "आमच्याकडं दुष्काळातबी याच्यापेक्षा जास्त पडतो. लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलं, मग यांना कोण देतं?" बर्फ देतं. मेंडोझा अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, पर्जन्यछायेत आहे. पॅसिफिककडून येणारे ढग पर्वताच्या पलीकडेच रिते होतात, पण शिखरांवर हिवाळ्यात बर्फ साचतो आणि उन्हाळाभर वितळत खाली येतो. त्यांचं जायकवाडी डोंगरावर गोठलेलं असतं. ते पाणी पाटांनी शेतात नेण्याची पद्धत स्पॅनिश यायच्या आधीपासूनची, तिथल्या वार्पे लोकांची. मेंडोझा शहरात आजही रस्त्याकडेनं असे पाट वाहतात. हे ऐकून एक डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आपली नहर-ए-अंबरी." मलिक अंबरची नहर जमिनीखालून जाते, त्यांचे पाट उघडे, पण कोरड्या मुलखात शहर वसवायचं तर आधी पाणी वळवून आणावं लागतं, हे दोन्हीकडे सारखंच.

"गारपीट?" होते, आणि चांगलीच होते. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च काकांनी अनुभवलेला, त्यामुळे त्या प्रश्नाला धार होती. मेंडोझात कित्येक बागांवर जाळी असते, गारा झेलण्यासाठी. काकांनी जाळीचा खर्च मनातल्या मनात मांडला असावा, कारण पुढची दोन मिनिटं ते गप्प होते.

मग वेलीचं मूळ सांगितलं. माल्बेक अर्जेंटिनाची नव्हेच, ती फ्रान्सची. नैऋत्य फ्रान्समध्ये लोत नदीच्या वळणांवर काओर नावाचं गाव आहे. तिथं तिला कॉट म्हणतात, आणि तिथली वाईन इतकी गडद की तिला 'काळी वाईन' म्हणायचे. जनुकीय तपासणीत तिचे आईबाप सापडले : माग्दलेन न्वार दे शारांत आणि प्रुनेलार, दोन्ही आता जवळजवळ विस्मरणात गेलेल्या जाती. यातली पहिली मेर्लो या दुसऱ्या वाईन-द्राक्षाचीही आई, म्हणजे माल्बेक आणि मेर्लो सावत्र भावंडं. काओरमध्ये १९५६ च्या फेब्रुवारीत असं कडाक्याचं हिव पडलं की बहुतेक बागा मेल्या. नव्यानं लागवड झाली आणि १९७१ मध्ये गावाच्या नावाला कायदेशीर दर्जा मिळाला. तिथल्या वाईनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक असावी लागते. ती मेंडोझापेक्षा करकरीत, जास्त तुरट. तिच्याबरोबर तिथले लोक बदकाचं चरबीत शिजवलेलं मांस खातात. चरबीनं तुरटपणा जिरवायचा, हा हिशोब तिथंही तोच.

अर्जेंटिनात ती पोचली दोमिंगो सार्मिएन्तोमुळे. पुढे हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. शेतीची शाळा आणि रोपवाटिका काढण्याचा त्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी मेंडोझाच्या विधिमंडळापुढे आला. माल्बेक दिनाची तारीख तिथून घेतली आहे, आणि दिन साजरा होतो तो २०११ पासून. मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञानं काड्या आणल्या. त्यानंतर दोन दशकांच्या आत फिलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या वेली मुळापासून खायला सुरुवात केली, पण काड्या आधीच समुद्रापार गेल्या होत्या. आज जगातली बहुतेक माल्बेक अर्जेंटिनात आहे, आणि त्यातल्या पुष्कळ वेली दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम न करता अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

"खुंटाविना?" काका उडालेच. आपल्याकडे क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यामुळे डॉगरिज जातीच्या खुंटाशिवाय बाग लावायची कुणी हिंमत करत नाही. मग त्यांनी छाटणी विचारली. तिथं वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि तेव्हा एकदाच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. "म्हणजे आमच्या वेलीला रजाच नाही," काका म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं बाजूनं सांगितलं, "आम्हाला तरी कुठं असते?"

उंचीचंही बोलणं झालं. मेंडोझातल्या युको खोऱ्यातल्या कित्येक बागा आपल्या म्हैसमाळहून उंच आहेत, काही १,५०० मीटरपर्यंत. ऊन तिखट, रात्र गार. त्या उन्हापासून वाचायला मणी जाड साल धरतो, रंग आणि टॅनिन सालीत असतात, आणि गार रात्रीमुळे आंबटपणा टिकतो. काकांचा थॉम्पसन नेमका उलटा : पातळ साल, मोठा मणी, बी नाही. खायला उत्तम, पण यातलं काहीच त्याच्या सालीत नाही.

दादांनी शेवटी विचारलं ते दरांचं. एवढी महाग बाटली रोज कोण घेणार? त्यांना नाशिकची शिराझ ही लाल वाईन सुचवली आहे. तिच्यात बऱ्याचदा काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि मिरीतही तेच असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. मिरी, मिरची नव्हे, हे दादांना आता सांगावं लागलं नाही.

ग्लास त्या रात्रीही मोजले. अर्ध्याहून भरलेले दोन. त्यातला एक गाडी चालवणाऱ्या डॉक्टरांचा.

काकांनी जानेवारीत शेतावर हुरड्याला बोलावलंय, सोबत ही वाईनही हवी म्हणाले. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, मीठ, धुराचा वास : कागदावर तरी जमतंय. हुरड्याबरोबर गूळ असतो तो मात्र वाईनपासून लांब ठेवायचा. बर्फाची बादली न्यायची नाही. त्या दिवसांत जालन्याच्या शिवारात पहाटे १२-१३ अंश असतात, बाटली रात्रभर बाहेर राहिली तर उलट थोडी उन्हात धरावी लागेल. फक्त आगटीच्या कडेला कुणी ठेवू नये, म्हणून ती मी स्वतः नेणार आहे.